गच्चीची किल्ली मिळवताना : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी काम एवढंच होतं: नासाचा पेस उपग्रह मुंबईवरून जाताना गच्चीवरून सनफोटोमीटर सूर्यावर धरायचा. हवेतली धूळ, धूर, मिठाचे कण ऊन किती अडवतात हे तो खालून मोजतो आणि उपग्रह वरून. दोन्ही आकडे ताडून पाहिल्याशिवाय वरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. उपकरण सरांनी दिलं, तासाभरात शिकलेही.

अडलं ते चेंबूरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला पेस सौरवेळेनुसार, म्हणजे सूर्य माथ्यावर आला की बारा या हिशेबाने, दुपारी एकच्या सुमारास येतो. मुंबईची सौरवेळ आपल्या घड्याळाच्या अडतीसेक मिनिटं मागे, म्हणजे इथे साधारण दीडच्या आगेमागे. आणि गच्चीची किल्ली एकच्या आत जमा करायची! एक ते तीन ऑफिस बंद. बाल्कनीतून जमत नाही, त्या वेळी सूर्य वरच्या स्लॅबआड जातो.

पहिला अर्ज हरवला. आवकचा शिक्का मी मारून घेतला नव्हता, तुम्ही घ्याच. दुसऱ्या अर्जावर प्रश्न आला, “यातून किरण निघतात का?” कॉलेजचं पत्र नेलं, तर म्हणाले कमिटीच्या मीटिंगपर्यंत थांबा. मीटिंग महिन्यातून एकदा, ती कोरमअभावी पुढे गेली. अख्खा डिसेंबर निरभ्र होता आणि मी खाली जिन्यात उभी. पावसाळ्यात हे काम होतच नाही, ढगाखालचे कण उपग्रहाला दिसत नाहीत. ते दिवस गेले याचा राग अजून आहे.

शेवटी एका रविवारी सेक्रेटरीकाकांना विनवून वर नेलं, सनफोटोमीटर त्यांच्याच हातात दिला. हात जरा हलला की काचेवरचा सूर्याचा ठिपका फुलीवरून सटकायचा. तो स्थिर झाल्यावर काका म्हणाले, “म्हणजे हे नुसतं ऊन आत घेतं?” सोमवारी सही झाली. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

अर्जात “उपग्रहाची वेळ” असं मोघम नको, घड्याळातली वेळ लिहा. भिंग दर वेळी पुसा, खाऱ्या हवेचा थर बसतो. नेम चुकला तर ऊन कमी पोचतं आणि कण जास्त दिसतात. म्हणून लागोपाठ चार-पाच नोंदी घेऊन सर्वांत कमी आकडा धरा. सूर्यावर पिसासारखा पातळ ढग असेल तर ती नोंद सोडाच.

जानेवारीत पहिली नोंद घेतली तेव्हा एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेली होती.