होम थिएटर: माझं घोडं भिंतीत अडलं

दसऱ्याला रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं मशीन), पाच स्पीकर आणि सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) घरी आला. टीव्हीच्या ॲपमधला आवाज त्या स्पीकरांतून पहिल्यांदा ऐकू आला तो संक्रांतीच्या आदल्या दिवशी. मधले तीन महिने मी काय करत होतो, ते सांगतो. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

खरेदीत फार काही घडलं नाही. बजेट दीड लाख. मित्राच्या ओळखीनं एका दुकानात गेलो. तिथला माणूस डेमो म्हणून नुसते स्फोट आणि हेलिकॉप्टर ऐकवत होता. मी मोबाईलमधून एका मराठी नाटकाचं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. तो जरा हिरमुसला, पण माझा निर्णय तिथेच झाला. बाँब सगळ्याच स्पीकरांवर चांगले फुटतात. पुटपुटलेलं वाक्य स्वच्छ ऐकू येतं का ते बघायचं. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून पैसे कमी पडत असतील तर मागच्या दोन स्पीकरांत वाचवा, मधल्यात नको. छतातले स्पीकर मी घेतले नाहीत. आमचा हॉल अकरा बाय सोळा, त्यात फॉल्स सीलिंग. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे 5.1, पुष्कळ झालं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या हिची एकच अट होती: टीव्हीखाली काळी खोकी नकोत. त्यामुळे रिसीव्हर बाजूच्या भिंतीतल्या कपाटात. दोन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं होतं तेव्हा इलेक्ट्रिशियननं तिथपासून टीव्हीपर्यंत दहा मीटरची एचडीएमआय केबल भिंतीतून टाकून ठेवली होती. मी तेव्हा स्वतःच्या दूरदृष्टीवर खूष होतो.

माझा हिशोब सोपा होता. टीव्ही स्मार्ट, ॲप त्यातच, मग वेगळा मीडिया प्लेअर कशाला? टीव्हीचा आवाज ‘आर्क’मधून (एआरसी, ऑडिओ रिटर्न चॅनल), म्हणजे त्याच एचडीएमआय केबलमधून उलटा, रिसीव्हरकडे जाणार. केबल दोन्हीकडे एआरसी लिहिलेल्या पोर्टात लावली. टीव्हीत साउंड आउटपुट बदललं, रिसीव्हरवर एचडीएमआय कंट्रोल चालू केला (तो बंद असेल तर बऱ्याच सेटवर आर्क चालतच नाही, हे लक्षात ठेवा), सगळं मेनमधून काढून दहा मिनिटांनी परत लावलं. टीव्ही म्हणे, ‘उपकरण सापडलं नाही.’

कपाटात एक जुना अँड्रॉइड बॉक्स पडला होता, तो रिसीव्हरला लावून पाहिला. चित्र आलं, आवाज आला, पाचही स्पीकर बोलले. झालं! मी निष्कर्ष काढून मोकळा: चित्र येतंय म्हणजे केबल ठणठणीत, दोष टीव्हीत. माझ्या तीन महिन्यांची पायाभरणी याच वाक्यानं झाली.

टीव्ही कंपनीकडे तक्रार नोंदवली. नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. “सर, टेक्निशियन उद्या 10 ते 6 मध्ये येतील.” रजा टाकली. सहा वाजता फोन आला, “सर, तुमच्या मोबाईलवर चार आकडी हॅपी कोड आलाय, तो सांगा.” मला वाटलं, येण्याआधीची खातरजमा असेल. सांगितला. पाच मिनिटांत मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’ दारात काळं कुत्रं आलं नव्हतं!

परत फोन केला तर कळलं, बंद झालेली तक्रार उघडता येत नाही, नवीन नोंदवावी लागते. नवीन नंबर, नवीन रांग. पुढच्या वेळी कोड मागितला तेव्हा मी म्हणालो, “माणूस आलाच नाही, मी हॅपी कसला?” पलीकडची मुलगी बिचारी लिहिलेलं वाचत होती. तिनं तेच वाक्य परत वाचलं. तर बाबांनो, काम होऊन, स्वतः बघून, खात्री पटल्याशिवाय तो कोड कुणालाही सांगू नका, अगदी “सर, माझा पगार कापतील” म्हणाले तरी.

दिवाळीनंतर खरोखर एक जण आला. चॅनल बदलून पाहिले. आवाज वाढवला, कमी केला. “टीव्ही तर चालतोय, काका.” मी आर्क म्हणालो. त्यानं कुणाला तरी फोन लावला, मग माझ्याकडे वळला: “बाहेरच्या मशीनचा प्रॉब्लेम आमच्याकडे येत नाही.” जॉबशीटवर ‘टीव्ही ओके’ लिहिलं आणि सही मागितली. मी केली नाही. तेवढाच माझा पराक्रम.

मग रिसीव्हरवाले. ते घरी येत नाहीत, ‘सेट घेऊन या.’ नऊ किलोचं धूड मूळ खोक्यात घालून रिक्षानं नेलं. (खोकं आणि थर्माकोल टाकू नका. आमच्याकडे ते माळ्यावरून भंगारात जाता जाता वाचलं.) तीन आठवडे ठेवून घेतलं. दर सोमवारी मी फोन करायचो, दर सोमवारी ‘इंजिनिअर बघतायत.’ शेवटी निरोप आला: दोष सापडला नाही, आमच्या टीव्हीवर आर्क व्यवस्थित चालतं. दोष नाही म्हणून वॉरंटीत बसत नाही, म्हणून तपासणीचे 1,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. 1,180 रुपये देऊन मी काहीही न बिघडलेली वस्तू परत आणली.

वास्तविक तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. टीव्ही ठीक, रिसीव्हर ठीक, मग मध्ये उरलं काय? पण मी इतका चिडलो होतो की हा हिशोब माझ्या आधी तिथल्या काउंटरवरच्या पोरानं केला. पावती फाडताना मान वर न करता म्हणाला, “काका, मधली केबल बदलून पाहिली का?” मी त्याला जरा तोऱ्यातच सांगितलं, केबलमधून चित्र येतं.

घरी आलो तेव्हा पाठ धरली होती. कपाटापर्यंत न नेता मशीन टीव्हीखालीच जमिनीवर ठेवलं आणि केवळ आळसापोटी सेट टॉप बॉक्सची दोन मीटरची केबल काढून त्याला लावली. चारेक सेकंदांत टीव्हीवर रिसीव्हरचं नाव उमटलं. मी सोफ्यावर बसून राहिलो. आई म्हणाली, “लागला की आवाज! एवढंच होतं होय?”

एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीतली केबल ओढून काढली आणि पुण्यात बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत घेऊन गेलो. एका छोट्या दुकानातल्या माणसानं ती दोन टोकांनी टेस्टरला लावली. एचडीएमआयच्या प्लगमध्ये 19 पिना असतात, टेस्टरवर प्रत्येकीचा एक बारीक लाल दिवा. बटण दाबल्यावर एकेक करत पेटत गेले: बारा, तेरा... पंधरा, सोळा. चौदाचा पेटलाच नाही. त्यानं केबल हलवून परत दाबलं. तेरा, मग अंधार, मग पंधरा. टीव्हीतून आवाज उलटा आणण्याची भिस्त असते ती नेमकी या चौदा नंबरवर. चित्र नेणाऱ्या तारा वेगळ्या, म्हणून चित्र येत होतं. “स्वस्त लांब केबलमध्ये ही तार कधी कधी टाकतच नाहीत,” असं म्हणून त्यानं ती माझ्या हातात परत दिली. तपासायचे पैसेही घेतले नाहीत. 1,180 रुपये घेणाऱ्यांनी ऐकावं.

नवी एचडीएमआय केबल ऑप्टिकल (तांब्याऐवजी प्रकाशातून चित्र नेणारी) घेतली, दहा मीटरची, खोक्यावर आर्क चालतं असं स्पष्ट लिहिलेली. सगळ्यांवर चालत नाही. एवढ्या अंतरावर साध्या तांब्याच्या केबलवर 4के एचडीआरचं चित्र मध्येच जाण्याची शक्यता असते, ही कटकट ऑप्टिकलनं मिटते. पण तिला दिशा असते! एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. आमच्या इलेक्ट्रिशियनदादांनी घाम गाळून ती उलटी ओढली, मग परत काढून सुलटी. शिवाय भिंतीतला पाइप पाऊण इंची, त्यातून प्लगचं डोकं जाईना. सुटं डोकं मिळणारी केबल असते, बारीक टोक पाइपातून जातं आणि डोकं नंतर बसवतात, हे तेव्हा कळलं. ती बदलून आणली. घराचं काम चालू असेल तर पाइप सव्वा इंची टाका, वळणं गोल ठेवा आणि प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीचे फोटो काढा.

एवढं झाल्यावर मीडिया प्लेअर घेतलाच. मुलाच्या हार्डडिस्कवरच्या काही फायलींत आवाज डीटीएस या प्रकारचा होता आणि टीव्हीला डीटीएस कळत नाही; चित्र चालू, माणसं मुकी. नवा बॉक्स थेट रिसीव्हरला लावला, त्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पासथ्रूवर ठेवला, म्हणजे आवाज उलगडायचं काम रिसीव्हर करतो. जुना बॉक्स बाद केला, कारण त्याच्यावर ओटीटी 480पीच्या वर जातच नव्हतं. खोक्यावर 4के लिहिलेलं असलं तरी वाइडवाइन एल1चं (ओटीटीच्या कॉपी-संरक्षणाच्या वरच्या पातळीचं) प्रमाणपत्र नसेल तर असंच होतं. घेताना एवढं एक विचाराच. दुकानदार ‘सगळं चालतं साहेब’ म्हणेल, त्याला दुकानातच ॲप उघडून दाखवायला सांगा.

आणि ईआर्कच्या (आर्कची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) नावाखाली महागड्या टीव्हीकडे कुणी ढकलत असेल तर थांबा. ओटीटीवरचा ॲटमॉसचा (वरूनही आल्यासारखा वाटणारा) आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या प्रकारात येतो, तो टीव्हीनं पुढे पाठवला तर साध्या आर्कमधूनही जातो. ईआर्क लागतं ते ब्लू-रेसारखा, काहीही न गाळलेला (लॉसलेस) आवाज टीव्हीतून न्यायचा असेल तेव्हा. ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरलाच जोडलात तर तोही प्रश्न उरत नाही.

मायक्रोफोन लावून स्पीकरांचं मोजमाप करायचं राहिलं होतं, ते रात्री दीड वाजता केलं. दिवसा दोनदा ‘आजूबाजूला आवाज फार आहे’ म्हणून मशीननं नकार दिला. एकदा पंखा, एकदा कुकरची शिट्टी. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे हॉलमध्ये टाळी वाजवली की घुमायची. समोर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. सबवूफरचा कटऑफ 80 हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे. खालच्या मजल्यावरून अजून तरी कुणी वर आलेलं नाही.

टीव्ही कंपनीची सातवी तक्रार मात्र अजून उघडीच आहे. परवा फोन आला, “सर, टेक्निशियन उद्या 10 ते 6 मध्ये येतील.” मी म्हटलं, या.