तुम्ही विचारलंत म्हणून: बेल्टचा का नाही केलात?

दुकानात नवं माणूस आलं की त्याची नजर आधी काउंटरमागच्या, मी बनवलेल्या रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या ताटलीवर जाते. मुंबईचे पाहुणे विचारतात, "स्वतःच बनवायचा होता तर बेल्टचा सोपा पडला असता. डायरेक्ट ड्राइव्हच्या भानगडीत कशाला पडलात?" शेजारचे भजनी बुवा चार वर्षं तेच विचारतायत, "बेल्टाचो कित्याक नाय केलंस रे?" खरं तर त्यांनी विचारूच नये. बेल्टवाल्याची चोरी त्यांनीच पकडली होती.

आधी बेल्टचाच होता, म्हणजे मोटर बाजूला आणि ताटली रबरी पट्ट्याने फिरवायची. भंगारातून आणलेला, मिनिटाला 33 आणि 45 फेऱ्यांचा. वडिलांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या 78 च्या रेकॉर्डी होत्या, म्हणून मोटरच्या पुलीवर टेप गुंडाळून तिचा घेर वाढवला आणि वेग ओढूनताणून 78 ला नेला. पहिला पाऊस निभावला. दुसऱ्या पावसात बुवा पेटी घेऊन बसले होते, ते मध्येच थांबले. "काळी एकात होता ना रे ह्या पद? आता पांढरी एकात वाजता." बरोबर होतं. वेग सहा टक्के घसरला की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. दमट हवेने बेल्ट सैल पडून घसरत होता. भाद्रपदात तो काढायला गेलो तर हाताला फणसाच्या चिकासारखा चिकटला. खोबरेल लावून बोटं सोडवावी लागली. नवा मागवला, त्याचीही तीच गत.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधला दलालच नाही. मोटरचा दांडा तोच ताटलीचा दांडा, मोटर स्वतः मिनिटाला 33⅓ फेरे घेते. टेक्निक्स या जपानी कंपनीने 1970 च्या सुमाराला एसपी-10 हा प्लेअर आणला तो असाच, आणि 1972 चा एसएल-1200 तर पुढे डीजे लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच्या जुन्या मालाच्या किमती ऐकल्या आणि मी माळ्यावर चढलो.

माळ्यावर व्हीसीआर होते, अकरा. चाकरमान्यांनी दुरुस्तीला टाकलेले, परत न्यायला कुणी आलंच नाही. व्हीसीआरमध्ये कामाच्या मोटरी दोन. फीत वाचणारं डोकं फिरवणारी आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत मिनिटाला 1500 फेरे घेते, ती आपल्या उपयोगाची नाही. कॅपस्टनची मात्र फीत ओढते. फितीचा वेग सेकंदाला जेमतेम 23 मिलिमीटर, म्हणजे ही मोटर सेकंदाला दोन-अडीच फेऱ्यांत समाधानी. हळू चालायची सवय असलेली मोटर. वर तिच्यातच वेग मोजणारी यंत्रणा असते, दर फेरीला ठरावीक ठोके देणारी. ते ठोके भाच्याने अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडले. ठोके मागे पडले की बोर्ड मोटरला जरा जोर देतो, पुढे गेले की लगाम खेचतो. प्रोग्रॅम त्याचा, शिव्या माझ्या.

पहिल्या दिवशी ताटली ठेवली आणि मोटर घासायला लागली. या मोटरीत खालची चुंबकाची चकती कॉइलच्या पट्टीला स्वतःच्या ओढीने वर धरून असते. वरून ताटलीचं वजन आलं की दांडा खाली सरकतो. दोन दिवस बेअरिंगला दोष देत होतो. शेवटी दांड्याच्या बुडाशी पितळी स्क्रू लावला, त्याच्या खोबणीत सायकलचा एक छर्रा, वर ग्रीसचा थेंब. स्क्रू पाव फेरा फिरवला आणि आवाज गेला. आता सगळा भार त्या छर्ऱ्यावर आहे.

तरीही ऑर्गनचा लांब सूर थरथरायचा, सर्दी झाल्यासारखा. हा डायरेक्ट ड्राइव्हचा खरा रोग: मोटर एका कॉइलवरून दुसऱ्यावर जाताना बारीक हिसका देते आणि मध्ये तो गिळायला रबर नाही. ताटलीचा कडेचा भाग जड केला की हिसका त्यात जिरतो. लोखंड चालत नाही, पिकअपमधल्या (सुई बसवलेल्या डोक्यातल्या) चुंबकाला ते ओढतं. दांडीच्या किनाऱ्यावर एकाकडून पागाची, म्हणजे मासे धरायच्या जाळ्याची शिशं आणली. चोवीस नग वजन करून जोड्या लावल्या आणि ताटलीच्या खालून कडेने समोरासमोर चिकटवल्या. थरथर गेली म्हणणार नाही, पण आता ती ऐकायला कान लावून बसावं लागतं. खाली जांभ्याचा चिरा आहे. तो पावसात पाणी धरतो, म्हणून मध्ये फणसाची फळी.

पिकअपचा दांडा जुनाच, चोर बाजारातला. पैसे गेले ते सुईवर. 78 ची खाच एलपीपेक्षा, म्हणजे 33 वाल्या मोठ्या रेकॉर्डीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई त्यात तळाला जाऊन नुसती खरखरते, म्हणून दोन सुया ठेवाव्या लागतात.

वेग तपासायला ताटलीवर ठेवायची, गोलाकार रेघा छापलेली कागदाची चकती आहे. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर निऑन दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्या उजेडात 33⅓ ला 180 रेघा आणि 78 ला 77 रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एकदा वीज गेली आणि इन्व्हर्टरवर रेघा सरकायला लागल्या. मी रात्री अकरापर्यंत भाच्याचा प्रोग्रॅम उसवत बसलो. सकाळी वीज आली, रेघा जागच्या जागी. मोटर ठीक होती, माझा जुना इन्व्हर्टरच 50 ला 48 म्हणत होता. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

45 चा वेग तेवढा नीट बसलेला नाही. माझ्याकडे 45 च्या तीनच रेकॉर्डी आहेत, त्यातली एक लग्नाच्या वाजंत्रीची, तेव्हा घाई नाही. तुम्हाला करायचा असेल तर माळ्यावर अजून आठ व्हीसीआर पडलेत. न्यायचे तर मिरगाच्या आधी या. कौलं गळायला लागली की तिथे पातेली ठेवावी लागतात आणि व्हीसीआर खाली उतरवायला जागा राहत नाही.