खांबाच्या अलीकडची खुर्ची

आई टीव्हीसमोर बसते, पण गेली दोन वर्षं ती सिनेमा बघत नाही, आमची तोंडं बघते. आम्ही हसलो की हसते, आणि जाहिरात लागली की हळूच विचारते, "काय म्हणाला गं तो?" डाव्या कानात यंत्र आहे, वय ७३. पुसेगावच्या यात्रेत तंबूत बसून सिनेमे पाहिलेली, घरी येऊन अख्खी गोष्ट संवादांसकट सांगणारी बाई ती. तिला संवाद कळत नाहीत, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून माडीवर सिनेमाची खोली करायचं ठरवलं.

माडी म्हणजे साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराचा वरचा मजला. दादा-वहिनी आणि आई तिथे राहतात, मी पुण्याहून शनिवार-रविवार जाते. खोली १८ फूट लांब, ११ फूट रुंद. वर मंगलोरी कौलं. आढं मधोमध ११ फुटांवर आणि तिथून छप्पर दोन्हीकडे उतरत साडेपाच फुटांच्या भिंतींवर टेकतं. दक्षिणेच्या भिंतीत खिडकी, तिच्यातून अजिंक्यतारा दिसतो. वायव्येच्या कोपऱ्यात जिन्याचं भोक. आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर, आढ्याखाली, आठ इंची चौकोनी सागवानी खांब.

खांब मी लहानपणापासून बघत आले, त्याला धरून गरागरा फिरले आहे. पण हिशेब करताना तो डोक्यातच आला नाही. कागदावर सगळं छान जमत होतं. पूर्वेची त्रिकोणी भिंत पडद्याला, १०० इंची पडदा (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं), म्हणजे रुंदी ८७ इंच आणि उंची ४९. बसायचं १३ फुटांवर. त्या अंतरावरून पडदा साधारण ३१ अंशांचा कोन व्यापतो. ३० ते ४० अंशांत डोळ्यांना ताण न होता चित्र भरून राहतं, म्हणून मी खूश होते. पडदा घेऊनही आले. माडीवर नेऊन १३ फुटांवर खुर्ची टाकली, तेव्हा खांब समोर उभा. डोळ्यांपासून चार फुटांवरचा आठ इंचांचा खांब १३ फुटांवरच्या पडद्याचा २६ इंच भाग झाकतो. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. खुर्ची बाजूला सरकवली तर आई मध्यापासून ढळते, आणि एका बाजूला जिन्याचं भोक असल्यामुळे सरकायला जागाही एकाच बाजूला. तो पडदा शेवटी पिंपरीच्या मावसभावाला दिला.

त्यानंतर मी उलटी सुरुवात केली. आधी आईची खुर्ची, मग बाकी सगळं. हे इतक्या ठामपणे सांगते कारण मी पाहिलेल्या बहुतेक आखण्या पडद्यापासून सुरू होतात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती इंची?" सरळ चौकोनी हॉलमध्ये ते चालून जातं. अडचणीच्या खोलीत बसायची जागा मुळात एखाद-दुसरीच असते. ती सापडली की पडदा किती मोठा, स्पीकर कुठे, वायर कुठून, हे तीच सांगते.

आईची खुर्ची लाकडी, हातांची, जरा उंच. जमिनीलगतच्या सोफ्यातून तिला उठता येत नाही. ती खुर्ची खांबाला पाठ लावून ठेवली. डोकं पडद्यापासून आठ फुटांवर आलं. या अंतरावर १०० इंची पडदा ४९ अंशांचा झाला असता, म्हणजे सिनेमागृहात अगदी पुढच्या रांगेत बसल्यासारखं. ८० इंची, ७० इंच रुंदीचा पडदा मात्र बरोबर ४० अंशांत बसतो. भाच्याने वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा आयत भिंतीवर केला. आई खुर्चीत बसून म्हणाली, "एवढा बास की. आमचा तंबू काय लई मोठा होता?" खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर धरली. डोळे ४० इंचांवर असतात, त्यामुळे मान वर करावी लागत नाही आणि खाली मधल्या स्पीकरला जागा उरते.

प्रोजेक्टर खांबावरच. भिंगापासून पडदा साडेआठ फूट, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या सुमारे १.४६ पट. माहितीपत्रकात हा आकडा थ्रो रेशो म्हणून दिलेला असतो आणि तो खरेदीआधीच ताडून बघायचा. वाकडं पडलेलं चित्र प्रोजेक्टरमधल्या कीस्टोन नावाच्या सोयीने सरळ करता येतं, पण त्यात यंत्र चित्रच दाबतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. आईसाठी खाली मराठी अक्षरं असली तर ती स्वच्छ हवीत. म्हणून पट्टा-स्टँड असा लावायचा की कीस्टोन शून्यावर राहील. आणखी एक शंका होती. माडीची जमीन लाकडी, कोणी चाललं की हादरते. खांबाला पाटी बांधून तिच्यावर पाण्याचं फुलपात्र ठेवलं आणि भाच्याला फेऱ्या मारायला लावल्या. जिन्याकडून आला की पाण्यावर तरंग उठत, खिडकीकडून चालला तर नाही. तेव्हा सिनेमा चालू असताना जिन्याची ये-जा बंद, हा नियम ठरला.

आता आवाज. माझा अर्ध्याहून जास्त पैसा इथेच जाणार आहे आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

वयाबरोबर आधी जातात ते वरचे, बारीक सूर. स, श, फ, त, क यांची ओळख तिथेच असते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून आई म्हणते, "आवाज येतोय, पण बोलणं कळत नाही." टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही वाढतं आणि ती आणखी गोंधळते. सिनेमाच्या ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी वेगवेगळा ठेवलेल्या आवाजात मात्र बहुतेक संवाद मधल्या वाहिनीत वेगळे ठेवलेले असतात. मधोमध स्वतंत्र स्पीकर असला की तेवढाच दोन-तीन डेसिबल उचलता येतो, संगीताला हात न लावता. तेव्हा पहिल्या टप्प्यात तीनच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खोल, जड आवाजाचा स्पीकर. मागचे दोन नंतर, त्यांच्यासाठी फक्त पाईप टाकून ठेवायचा.

पूर्वेच्या भिंतीत मधोमध एक कोनाडा आहे. मोठ्या सिनेमागृहात पडद्याला बारीक भोकं असतात आणि स्पीकर त्याच्या मागे. तसंच कोनाड्यात करावं असा मोह झाला. उसना स्पीकर ठेवून पाहिला तर माठात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आला. तो विचार तिथेच संपला. मधला स्पीकर पडद्याखाली लाकडी घडवंचीवर, पुढून पाचर मारून तोंड आईच्या कानाकडे उचललेलं. डावा-उजवा मध्यापासून पावणेचार फुटांवर, म्हणजे खुर्चीतून साधारण २५ अंशांवर.

मग घुमण्याचं बघितलं. साडेपाच फुटांची भिंत, तिच्यावर उतरतं छप्पर, सगळीकडून आवाज परत येतो आणि व्यंजनांवर पांघरूण घालतो. कुठून येतो ते शोधायची युक्ती सोपी. मी खुर्चीत बसले, भाचा आरसा भिंतीवरून सरकवत गेला. आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूची फुली. दोन भिंतींवर आणि छपराच्या दोन्ही उतरणींवर अशा जागा सापडल्या. तिथे आजीच्या लुगड्यांच्या वाकळी टांगणार आहोत, चारपदरी, चौकटीवर, भिंतीपासून चार बोटं सुटून. ते अंतर महत्त्वाचं. भिंतीला टेकलेल्या कापडापाशी हवेची हालचाल जवळजवळ नसतेच, जरा दूर ती जास्त असते आणि तिथे जाड कापड आवाज नीट शोषतं. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर. वाकळ तिथपर्यंत पोचली की संवादांच्या पट्ट्यात फरक पडतो. बाजारात फोमचे पातळ तुकडे मिळतात, त्यांच्यापेक्षा मला वाकळींवर जास्त विश्वास आहे.

सबवूफर लाकडी जमिनीवर ठेवला तर अख्खी माडी ढोल होते आणि खाली दादा झोपलेला असतो. म्हणून खाली शहाबादी फरशी, फरशीखाली जुन्या ट्यूबचे तुकडे. जागा शोधायला सबवूफर आईच्या खुर्चीत ठेवला आणि मी भिंतीकडेने रांगत ऐकत गेले. जिथे ठोका गुळगुळीत आणि सारखा वाटला तिथे तो ठेवायचा. ११ फूट रुंदीच्या खोलीत ५१ हर्ट्झच्या आसपासचा सूर मधोमध विरतो आणि भिंतींशी फुगतो. आईची खुर्ची मधोमधच आहे, त्यामुळे हे रांगणं टाळून चालणार नव्हतं. ईशान्येचा कोपरा लागला.

वायरिंगबद्दल थोडक्यात. भिंती मातीच्या, झिरी मारली की ढासळतात, म्हणून सगळं उघड्या केसिंग पट्टीतून. चित्र आणि आवाज नेणारी एचडीएमआय वायर आढ्यावरून खांबापर्यंत जाते, वळणं धरून २५ फूट. एवढ्या लांबीला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारी वायर घेतली, तिला दिशा असते, कुठलं टोक प्रोजेक्टरला ते ओढण्याआधी बघावं. आढ्यावर पाईप दीड इंची, कारण वायर बारीक असली तरी टोक रुंद असतं आणि एक इंचीत वळणावर अडकतं. आत एक सुतळी सोडून ठेवायची, पुढे वायर ओढायला. अर्थिंग नवं.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. प्रोजेक्टरचा पंखा आईच्या डोक्याच्या मागेच गुणगुणणार आणि कानातलं यंत्र तोही आवाज मोठा करणार. दिवा मंद ठेवला की पंखा हळू होतो, पण पुरेसा होतो का ते बसवल्यावरच कळेल. दुसरा पाऊस. आषाढात कौलांवर सर आली की माडीवर शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. कोणी म्हणालं, खालून फॉल्स सीलिंग मारा. मी नको म्हटलं. दर मे महिन्यात शाकारणी करावी लागते, गळतं कुठे ते खालून दिसलं पाहिजे, वासे मोकळे राहिले पाहिजेत. पावसाळ्याचे दोन महिने सिनेमा खाली. आणि दक्षिणेची खिडकी बंद करायला आईने साफ नकार दिला आहे, तेव्हा तिथे दुहेरी पडदा, फक्त रात्री ओढायचा.

गेल्या रविवारी एक चाचणी केली. भाच्याने फोनवर २० वाक्यं वाचून ठेवली, घरातलीच, भाजी, बस, शेजारी. आईने ऐकून परत म्हणायची. खालच्या टीव्हीवर ती ८ चुकली. माडीवर उसन्या मधल्या स्पीकरवर ४. दोन वाकळी दोऱ्यांनी टांगल्यावर, वाक्यांचा क्रम बदलून, १.

ते एक वाक्य होतं, "ताक संपलंय." तिने ऐकलं, "टाक संपलंय." पुन्हा लावलं, पुन्हा टाक. मग तिने भाच्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तू म्हण बघू." त्याने म्हटलं. ती म्हणाली, "अरे, तू टाकच म्हणतोयस."

वायरमन गुरुवारी येतोय.