भोपळ्याचा देठ

दुपारच्या वेळी वाशीच्या एखाद्या सेक्टरातल्या भाजीवाल्यानं लाल भोपळा चिरायला घेतला की आधी देठ उडतो. तो टोपलीमागे कुठेतरी जाऊन पडतो आणि कुणी वळूनही बघत नाही. गिऱ्हाइकाला पाव किलोची फोड हवी असते, केशरी आणि रवाळ. भोपळ्याची कुंडली मात्र त्या देठावर लिहिलेली असते.

आपल्या डांगराचा देठ लाकडासारखा टणक, पाच कंगोऱ्यांचा, फळाला चिकटतो तिथे पंजासारखा पसरलेला. परदेशात मोटारीएवढे भोपळे करतात, त्यांची जातच निराळी. त्यांचा देठ गोलसर आणि बुचासारखा मऊ. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानं निवडीनं तयार केलेलं 'अटलांटिक जायंट' हे त्यांचं मूळ वाण. २०२३ साली कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथे काट्यावर चढलेला भोपळा १,२४७ किलोंचा होता. ऐन भरात असं फळ दिवसाला पंधरा-वीस किलो वाढतं, आणि ते सगळं त्या एका देठातून आत जातं.

हे बी हौसेनं मागवून ठाण्यात लावणारे आहेत. लावावं, पण त्या वेलाला थंड रात्री लागतात. उकाड्याच्या रात्री वेल दिवसभर कमावलेली साखर श्वासोच्छ्वासातच उडवून टाकतो, फळाला काय देणार? त्यापेक्षा देशी डांगर घ्यावं. ते घरच्या अंगणात दहा-बारा किलोंचं झालं तरी पेढे वाटायला हरकत नाही.

लावायचं दिवाळीच्या आगेमागे. नवी मुंबईतल्या रो हाऊसच्या अंगणात फावडं वीतभर गेलं की बऱ्याचदा भराव लागतो; तो उपसून तीन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा करायचा. निम्मी माती, उरलेलं बहुतेक कुजलेलं शेणखत, वर किलोभर निंबोळी पेंड. बी इंचभर खोल. दुपानी रोपावर लाल भुंगेरे तुटून पडतात. ते सकाळी सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत आणि पानांवर राख भुरभुरावी. युरिया टाकायचा मोह आवरावा, नाहीतर पानांचं जंगल होतं आणि भोपळा मिळतो तो परीक्षेतला.

आधी नुसती नरफुलं येतात आणि गळतात. घाबरायचं कारण नाही. मादीफुलाखाली लिंबाएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. उद्या उमलणारी दोन्ही फुलं आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायची, सकाळी सातच्या आत नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागदांडा मादीफुलात हलकेच फिरवायचा आणि मादीफूल परत बांधायचं. नऊ वाजता उठणाऱ्यानं दुधी लावावा, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. फळ धरलं की लगेच कापडी पिशवी, नाहीतर फळमाशी टोचते आणि आत अळ्या होतात. मग मन घट्ट करून वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची. खुडलेली कोवळी भोपळी भाजीत छान लागतात, तेवढंच सांत्वन.

आता पुन्हा देठ. फळ नारळाएवढं झालं की देठ वेलाशी काटकोनात येईल असं ते वळवायचं. एकदम नाही, रोज दोन बोटं, आठवडाभर, आणि तेही दुपारीच. सकाळी वेल पाण्यानं ताठ असतो, कट्कन मोडतो. दुपारी तो थोडा मलूल आणि मऊ असतो. वेलाच्या इतर पेरांवर माती चढवली की तिथे मुळं फुटतात, ती हवीतच. पण फळापासून दोन फुटांतली मुळं कापायची. कारण फळ वर वाढतं तसा वेलही उचलला जायला हवा. मुळांनी तो जमिनीला जखडला तर ताण देठावर येतो आणि तो चिरतो. फळाखाली वाळू, वर जुना पंचा; उन्हानं साल लवकर कडक झाली की वाढ खुंटते. पाणी रोज सारखं. चार दिवस टँकर नाही आणि पाचव्या दिवशी पाइप लावून सोडलात, तर साल तडकते.

लेकीकडून लठ्ठ होऊन परतणारी म्हातारी भोपळ्यात बसते, हे ऐकताना लहानपणी कुणी विचारत नाही की ती आत शिरली कुठून. देठाचं झाकण कापूनच शिरली असणार. नोव्हा स्कॉशियातल्या विंडसरला लोक खरंच कोरलेल्या भोपळ्यांत बसून तळ्यात शर्यत लावायचे. पण टुणुक टुणुक काही जमायचं नाही. एवढं मोठं फळ स्वतःच्याच वजनानं खाली बसतं, मांडी घातल्यासारखं चपटं होतं. वाघाला ते सोयीचंच.

सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ वाळला की दोन-तीन इंच देठ ठेवून कापायचं. मोडक्या देठाचं फळ तिथूनच सडायला लागतं. उचलायचं ते खालून, दोन्ही हातांनी, देठाला धरून कधीच नाही. एवढं सांगूनही बघायला आलेला पहिला शेजारी "अरे वा!" म्हणत देठालाच हात घालतो.