पर्वताची वाट

आमच्या घरात कुणी 'चंद्रेश्वराला जातो' असं म्हणत नाही. 'पर्वताक वतां' एवढंच म्हणतात. दक्षिण गोव्यात पारोड्याच्या डोंगरमाथ्यावर चंद्रेश्वर आणि भूतनाथ ही दोन देवळं आहेत, पण सासष्टीतल्या आणि केप्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी देवाच्या नावाआधी डोंगर येतो, आणि त्या डोंगराचं नाव नुसतं 'पर्वत'. उंची असेल ३५० मीटरच्या आसपास. सह्याद्रीत राहणारा त्याला टेकडीच म्हणेल. पण सासष्टीची भातजमीन इतकी सखल आहे की तिच्या कडेला हा एकटा डोंगर उभा राहिला की दुसरा शब्द सुचत नाही.

आमची वारी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची. मडगावहून पारोड्यापर्यंत दहाएक किलोमीटर, आणि पुढे चढ. पंढरीच्या वारीसमोर हे काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. गोव्यातून पायी पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आहेत आणि त्यातल्या माणसांना मी मनापासून नमस्कार करते. पण आमच्या भजनी मंडळातल्या बऱ्याच जणांना पंधरा दिवस घर सोडणं जमत नाही. एक दिवस जमतो. तो दिवस आम्ही पर्वताला देतो. टाळ तेच, पखवाज तोच, गळ्यात तुळशीची माळ तीच. शिवाच्या वाटेवर विठ्ठलाचे अभंग कसे, असा प्रश्न आमच्यात कधी कुणाला पडलेला नाही.

यंदा पहाटे साडेचारला निघालो तेव्हा पाऊस नव्हता. बावीस जण होतो, त्यात सात बायका. काळोखात पखवाजाचा आवाज घराघरांच्या भिंतींवर आपटून परत येत होता. आमच्याकडची एक गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते: चालताना एकमेकांशी बोलणं सगळं कोंकणीत, आणि टाळ वाजला की मराठी. 'सवकास चल गो, निसरडें आसा' म्हणणारी बाई पुढच्या क्षणी अभंगाचं ध्रुवपद उचलते. दोन भाषांमधला हा उंबरठा आम्हाला पायाला लागतही नाही. माझी आजी शाळेत फार गेली नाही, पण तिला मराठी येतं ते सगळं भजनातून आलेलं आहे. म्हणून तिची मराठी जुनी आणि गोड आहे.

नेसाय मागे पडलं, सां जुझे द आरियालच्या शेतांजवळ आलो, तेव्हा उजाडू लागलं आणि पर्वत दिसला. मला या वारीतलं हेच फार आवडतं. इथे देव शेवटच्या वळणावर भेटत नाही. पहाट फुटली की तो समोर असतो आणि मग सगळा वेळ समोरच राहतो. आधी निळसर, सपाट, कागदातून कापून काढल्यासारखा. मग त्याला खांदे फुटतात. मग हिरवा होतो, मग हिरव्याचे दहा हिरवे होतात आणि झाडं वेगवेगळी ओळखू येऊ लागतात. आणि पायथ्याशी पोचल्यावर तो नाहीसाच होतो. डोळ्यांसमोर फक्त चढ उरतो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरदाची भातशेती होती. पावसाळ्यातलं हे पीक सरद, आणि पाऊस सरल्यावर तळ्याच्या नाहीतर बांधाच्या पाण्यावर घेतलेलं ते वायंगण. लावणी संपून तीनेक आठवडे झाले असतील. रोपांनी नुकतं मूळ धरलेलं, अजून पाणी मधेमधे चकाकत होतं. बगळे होते. एका बांधावर दोन बाया खाली वाकून तण काढत होत्या. दिंडी जवळ आली तशा त्या उभ्या राहिल्या, चिखलाचे हात जोडले आणि पुन्हा वाकल्या. आणि त्याच पट्ट्यात रस्त्याला लागून तीन कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, लाल मातीनं भरलेले दिसले. गेल्या वर्षी तिथे भात होतं. कुठला तरी डोंगर कापून ती माती आणलेली असणार. गोव्यात आता हे जिकडेतिकडे दिसतं: एका जागी डोंगर कमी होतो आणि दुसऱ्या जागी शेत. त्या तुकड्यापाशी पखवाज वाजवणारे काका वाजवायचे थांबले नाहीत, पण पुढची शंभरेक पावलं गाणं कुणी उचललं नाही.

पुढे एका घराच्या पायरीवर एक किरिस्तांव म्हातारी बसली होती. दारापुढे खुरीस, म्हणजे क्रूस, त्याला ताजी अबोलीची माळ. "पर्वतार वतात? पावस येता, वेगीं चलात," ती म्हणाली, आणि आतून पाण्याची कळशी घेऊन आली. सगळ्यांना उपास होता, पण पाण्याला उपास नसतो. तिनं प्रत्येकाच्या ओंजळीत स्वतः पाणी ओतलं. निघताना म्हणाली, माझ्याही नावानं एक नमस्कार घाला. मी तो घातला.

गुडी ओलांडून पारोड्याच्या सखल भागात आलो की कुशावती भेटते. ही नदी आमच्या कुटुंबाच्या दृष्टीनं फार जवळची. वर रिवण, जांबावली, केपे करत ती इथे येते, पुढे चांदरकडून जाऊन जुवारीला मिळते. आमचं कुलदैवत दामोदर. मूळचा मडगावचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टीतली देवळं पाडली तेव्हा त्याला जांबावलीला, याच नदीच्या काठी नेलं. मंगेश कुठ्ठाळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून गेली, रामनाथ लोटलीहून. सासष्टीतल्या हिंदू घरात देवाची गोष्ट सांगायला बसलं की ती नदी ओलांडण्याची गोष्ट होते. लहानपणी आजीला विचारलं होतं, मग चंद्रेश्वराला का नाही नेलं? ती म्हणाली होती, "हाका कोण उखलून व्हरतलो? हो दोंगराचोच फातर." गाभाऱ्यातलं लिंग म्हणजे डोंगराचाच खडक, त्याला उचलणार कोण. मी इतिहासाची पुस्तकं नंतर वाचली, पण त्या उत्तरानं जे कळलं ते तसं पुन्हा कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी याच ठिकाणी आमची वारी अडली. रात्रभर कोसळून कुशावती रस्त्यावर आली होती. दर पावसाळ्यात एकदोनदा तरी पारोड्याचा हा रस्ता पाण्याखाली जातो, गाड्या लांबच्या वाटेनं वळवतात. त्या दिवशी गुडघाभर पाणी तांबडं होऊन वाहत होतं, मधेच नारळाचं चुडत फिरत फिरत जात होतं. आजी तेव्हा चालायची. म्हणाली, इथेच आरती करा. पर्वत ढगात बुडालेला, रेषसुद्धा दिसत नव्हती. आम्ही त्या ढगाच्या दिशेला तोंड करून, छत्र्या मिटून, भिजत आरती म्हटली. परतताना मी नाराज होते. आजी नाराज नव्हती. ती तिची शेवटची वारी ठरली. त्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडली.

यंदा नदी आपल्या पात्रात होती, काठोकाठ. पायथ्याला पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

वर जायला आता डांबरी रस्ता आहे. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गाडी जाते आणि त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना दर्शन होतं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण चालू शकणाऱ्यानं जुन्या पायवाटेनंच जावं असं मला ठामपणे वाटतं. रस्ता डोंगराला वळसे घालत जातो, पायवाट डोंगरातून जाते. झाडीत शिरल्यावर दोन मिनिटांत खालच्या गाड्यांचा आवाज बंद झाला. माट्टी आणि किंदळीची उंच खोडं, खाली करवंदीच्या जाळ्या, कडेला रानहळदीचे जांभळट तुरे. कळलावी एका कुडाच्या झुडपावर चढून पेटली होती. एका वारुळाभोवती, आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात, अळमी उगवून गेल्याच्या खुणा होत्या, कुणीतरी पहाटेच काढून नेलेली. इथे टाळ वाजवायचे नाहीत हा आमच्यातला अलिखित नियम. फक्त नाम, तेही हळू. श्वास तेवढाच पुरतो.

मध्यावर मोठे धोंडे लागतात. बाकी गोव्यात कुठल्याही डोंगरावर चढा, पायाखाली जांभा येतो: तांबडा, भोकाभोकांचा, ज्याचे चिरे काढून आपली घरं बांधली. इथला धोंडा वेगळा. राखाडी, कणीदार, घट्ट, कुठे कुठे पांढरट पट्टे. भूशास्त्रात या खडकाला या डोंगराचंच नाव आहे, चंद्रनाथ ग्रॅनाइट नाइस. त्याचं वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त धरतात. मी त्या धोंड्याला पाठ टेकून बसले. पावसानं गार झालेला, शेवाळानं मऊ. शेजारी बसलेल्या वहिनींना वय सांगितलं तर त्यांनी वळून, पाया पडावं तसं, दोन्ही हातांनी त्याला शिवून घेतलं.

वर पायऱ्या संपल्या आणि वारा आला. हा वारा खाली कुठेच नसतो. घामानं ओली पाठ एका क्षणात थंड झाली.

चंद्रेश्वराच्या गाभाऱ्यात काळोख असतो आणि त्यात समई. पौर्णिमेच्या चांदण्यात या लिंगाला पाझर फुटतो अशी लोकांची श्रद्धा आहे. मी कधी पौर्णिमेला आले नाही. पण श्रावणात त्या खडकाला हात जोडताना भिंतीतून, छपरातून, बाहेरच्या झाडांतून इतकं पाणी झिरपत असतं की पाझराची गोष्ट मला कधी नवलाची वाटली नाही. बेल वाहिला, किरिस्तांव म्हातारीचा नमस्कार घातला, आजीचा घातला. मग भूतनाथाकडे गेलो. मंडपात बसून तासभर भजन केलं. शेवटी भैरवी सुरू झाली तेव्हा पाऊस आला, आणि छपरावरच्या आवाजात टाळ ऐकूच येईनात. तरी सगळे गात राहिले.

पाऊस ओसरल्यावर कठड्यापाशी गेलो. पश्चिमेला सासष्टीचं सगळं सपाट अंग, माड, शेतं, पांढऱ्या इगर्जी, आणि टोकाला समुद्राची राखी रेघ. पूर्वेला ढगांत अर्धा लपलेला सह्याद्री. खाली कुशावतीचं तांबडं वळण आणि त्या बाजूला चांदर. आज तिथे जुनी मोठी घरं आणि रेल्वे स्टेशन आहे, पण एके काळी ते चंद्रपूर होतं. शिरोड्याला सापडलेला भोज घराण्यातल्या देवराजाचा चौथ्या शतकाच्या सुमाराचा ताम्रपट चंद्रपुरातूनच दिलेला. पुढे कदंबांचीही ती राजधानी झाली, मग अकराव्या शतकात कारभार गोपकपट्टणाला गेला. इतिहासकार फादर हेरास यांनी १९२९ साली तिथे खोदकाम केलं, तेव्हा देवळाचे अवशेष मिळाले. डोकं नसलेला दगडी नंदी तिथे आहे. गावाला नाव मिळालं ते या चंद्रेश्वरावरून, असं मानतात. राजधानी गेली, राजे गेले, आणि नाव चांदर होऊन तोंडात राहिलं. मी ज्या वाटेनं आले ती वाटही वरून दिसत होती. तीन लाल चौकोनही दिसत होते, हिरव्यात लगेच डोळ्यात भरणारे.

उतरताना गुडघे बोलले. पारोड्याला बस मिळाली.

घरी आजी खुर्चीत वाट बघत होती. प्रसादाचं पंचखाद्य तिनं तळहातावर घेतलं, बेलाचं पान डोळ्यांना लावलं. मग विचारलं, "वयर वारें आशिल्लें?"

होतं म्हटलं.

"आनी न्हंय?"

काठोकाठ म्हटलं.

"शेतां?"

मी लपवलं नाही. लावणी चांगली झालीय, पण रस्त्यालगतचे तीन कुणगे मातीनं भरलेत, हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. बोटांनी पानाचा देठ चाचपत राहिली. साठ वर्षं त्या वाटेनं चालल्यामुळे तिला तिथला बांध न् बांध माहीत आहे.

"कोणाचे ते कुणगे?" तिनं विचारलं.

मला सांगता आलं नाही.

"फुडल्या सोमारा विचारून यो," ती म्हणाली.