गाडी न घेता ल्वारच्या खोऱ्यात, आणि तो निळा गोल

माझ्या पासपोर्टच्या पाकिटात अजून एक घडी घातलेला कागद आहे. बसचं वेळापत्रक. त्यात १७.२५ या आकड्याभोवती निळ्या बॉलपेनने गोल काढलाय, आणि तो मी काढलेला नाही. कागद हाताला लागला की आजही माझं डोकं फिरतं. तेव्हा पुढचं सगळं नीट क्रमाने येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मला फोन करून लोक जे विचारतात त्याचं उत्तर आधी देते. फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठचे राजवाडे भाड्याची गाडी न घेता बघता येतात का? येतात. मे २०२४ मध्ये मी आईला घेऊन पाच रात्री राहून आले. मला गाडी येते. पण रस्त्याच्या उजव्या बाजूने, उजव्या हाताने गिअर टाकत, आणि शेजारी आई "अगं हळू, अगं हळू" म्हणतेय, हे माझ्याच्याने झालं नसतं.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून ल्वारकाठच्या तूर शहराला वेगवान गाडीने सव्वा तास लागतो. त्यातल्या बऱ्याच गाड्या तूर शहरात शिरतच नाहीत, अलीकडे सें-प्येर-दे-कोरला थांबतात. तिथून पाच मिनिटांची जोडगाडी असते. घाबरू नका, उतरा आणि इतर लोक जातात तिकडे जा. हॉटेल तूर स्टेशनपासून चालत जाता येईल असं घ्या आणि सगळ्या रात्री तिथेच काढा. रोज नवा गाव आणि रोज बॅगा, हा प्रकार आई सोबत असताना करू नये. एकटी असते तरी मी केला नसता.

आईबद्दल सांगायला हवं. ती साताऱ्याकडच्या एका गावात तीस वर्षं शिक्षिका होती, इतिहास शिकवायची. "किल्ले बघायला जायचंय" असं मी तिला सांगितलं होतं, ही माझी पहिली चूक. फ्रेंच 'शातो' म्हणजे आपला किल्ला नव्हे. शनोंसोला पोचल्यावर तिने नदीवर बांधलेला तो पांढरा महाल शांतपणे बघितला आणि म्हणाली, "हा वाडा आहे. तटबंदी कुठाय?"

शनोंसो मात्र गाडी नसलेल्यांसाठी देवाने बनवलाय. तूरहून रेल्वेने अर्धा तास, आणि स्टेशनातून उतरून रूळ ओलांडले की जवळजवळ फाटकच. गावाच्या नावात शेवटी एक जादा अक्षर असतं, राजवाड्याच्या नावात नसतं, त्यामुळे तिकीट काढताना गोंधळू नका, उच्चार एकच आहे. दिवसभरात गाड्या मोजक्या असतात, म्हणून आधी परतीची गाडी ठरवा आणि मग जाण्याची. आम्ही मंगळवारी गेलो. शेर नदीवरच्या त्या लांब दालनात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात हीच नदी जर्मनांच्या ताब्यातला मुलूख आणि दुसरा भाग यांच्यामधली सीमा होती. म्हणजे दालनाचं एक दार इकडे आणि दुसरं तिकडे. आईला राणी कॅथरीन आणि राजाची प्रेयसी दियान या दोघींच्या बागांपेक्षा ही दारं जास्त आवडली. तिने दोन्ही दारांत उभं राहून फोटो काढून घेतले.

बुधवारी आँब्वाझ. स्टेशन नदीच्या एका काठावर आणि राजवाडा दुसऱ्या, मधल्या बेटावरून पूल ओलांडत वीसेक मिनिटं चालावं लागतं. आईचा गुडघा धरून आम्हाला अर्धा तास लागला. चित्रकार लिओनार्दो दा विंची जिथे १५१९ मध्ये वारला ते घर त्याच्याही पुढे, थोड्या चढावर आहे. त्या दिवशी ८ मे, म्हणजे युद्धसमाप्तीची सुट्टी. दुसऱ्या दिवशी ९ तारखेला, गुरुवारी, ख्रिस्ती स्वर्गारोहणाची सुट्टी. सलग दोन सरकारी सुट्ट्या. राजवाडे उघडे, गाड्या कमी, पण आम्ही रविवारचं वेळापत्रक बघून सगळं व्यवस्थित पार पाडलं आणि मला वाटलं की मी या देशाची नस ओळखली.

आता शुक्रवार, १० मे.

एक राजवाडा असा होता की तिथे रेल्वे जात नाही, फक्त बस. कुठला ते सांगत नाही, त्या गावाचा यात काही दोष नव्हता. बसचं विचारायला मी मंगळवारीच एका चौकशीच्या खिडकीवर गेले होते. ती कुठली तेही सांगत नाही. आत चश्मा लावलेला शांत माणूस. मी विचारलं, शुक्रवारी? तो म्हणाला, शुक्रवारी. येताना? त्याने छापील वेळापत्रक काढलं, आठवड्याच्या वारांच्या रांगेत बोट फिरवलं आणि दोन परतीच्या बस दाखवल्या. एक १२.४० ची आणि एक १७.२५ ची. मी संध्याकाळची म्हटलं. त्याने तिच्याभोवती हा निळा गोल काढला. इतका सुबक गोल, की शंका घ्यायचं मनातही येऊ नये.

जातानाची बस मिनिटाला आली. राजवाडा बघितला, बाग बघितली, आईने माळ्याला खुणांनी गुलाबाची छाटणी विचारली. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही थांब्यावर होतो. थांबा म्हणजे एक खांब, त्यावर प्लास्टिकखाली वेळापत्रक, आणि समोर बंद बेकरी. आम्ही दोघीच.

पाच पंचवीस झाले. पाच पस्तीस झाले. मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. पावणेसहाला मी खांबावरचं वेळापत्रक वाचायला घेतलं. वर वारांची आद्याक्षरं होती: ल, मा, मे, ज, व. व म्हणजे वांद्रदी, शुक्रवार. बरोबर होतं. त्या रांगेत १७.२५ होतं. आणि त्या आकड्याच्या वर, मुंगीएवढा, एक २ होता.

खाली तळटिपा. दोन क्रमांकापुढे लिहिलं होतं 'पेरियोद स्कोलेर'. माझ्या फोनच्या भाषांतराने सांगितलं: शालेय काळ. मी विचार केला, मे महिन्यात फ्रान्समध्ये शाळा चालूच असतात, मग अडचण काय? मी वेळापत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. रेकॉर्ड केलेला बाईचा गोड आवाज, मग संगीत, मग पुन्हा बाई. चार वेळा. टॅक्सीच्या अॅपवर नकाशात फिरणारी एकही गाडी नव्हती. सहा वाजले. मागे राजवाड्याचं फाटक बंद होताना ऐकू आलं.

तेवढ्यात एक आजीबाई कुत्रा घेऊन आल्या. माझं तोडकंमोडकं फ्रेंच ऐकून त्या म्हणाल्या, "पा देकोल, पा द ब्यूस." शाळा नाही, बस नाही. मग हाताने कमान करून म्हणाल्या, "सेल पों." पों म्हणजे पूल. कुठला पूल? तेव्हा मला उलगडा झाला. गुरुवारी सुट्टी, शनिवार-रविवार सुट्टी, मधला शुक्रवार म्हणजे दोन्ही काठ जोडणारा पूल. आपण जोडून सुट्टी म्हणतो तीच. सरकारी सुट्टी नव्हे, त्यामुळे सुट्टीच्या वेळापत्रकात तो दिवस नाही. पण त्या वर्षी शिक्षण खात्याने १० मेला शाळा बंद ठेवल्या होत्या. म्हणजे वारांत शुक्रवार आहे, सणांत नाही, आणि तरी बस नाही. हे परदेशातून आलेल्या माणसाने कुठून ओळखायचं? आणि मी तर खिडकीवर जाऊन विचारलं होतं! तो माणूस त्याच देशात राहतो ना? त्याच्या घरी कॅलेंडर असेल ना?

हे मी मोठ्याने बोलत होते, मराठीत. आजीबाई आणि कुत्रा निघून गेले.

आई थांब्याच्या बाकावर दाण्याच्या लाडवाचा डबा उघडून बसली होती. म्हणाली, "इथे मुक्कामी गाडी नाही का गं?" मी उत्तर दिलं नाही. एक लाडू खाऊन मग ती म्हणाली, "पण त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची फेरी बंदच असते. मी तीस वर्षं त्याच फेरीने गेले. एप्रिलनंतर कोणी त्या थांब्यावर उभं राहिलं, तर लोक म्हणायचे, हे पाहुणे दिसतात."

मला त्या क्षणी तिच्या समजूतदारपणाचा राग आला, खोटं का बोलू.

शेवटी राजवाड्याच्या तिकीटखिडकीवरची मुलगी सायकल घेऊन बाहेर पडत होती, तिच्यापुढे मी जवळजवळ आडवी झाले. तिने स्वतःच्या फोनवरून तीन टॅक्सीवाल्यांना विचारलं. दोघांनी नाही म्हटलं. तिसरा पन्नास मिनिटांनी येतो म्हणाला, आणि ती मुलगी तो निघाल्याची खात्री करून मगच गेली. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, एवढंच सुख. हॉटेलपर्यंत अठ्ठावन्न युरो झाले. पाच हजार रुपयांच्या वर. तूरहून आठ जणांची मिनीबस सहल निघते, अर्ध्या दिवसात दोन-तीन राजवाडे दाखवते. ती 'महाग' म्हणून मी आधी नाकारली होती. आता हे तुम्ही आईला सांगू नका.

शनिवारी सकाळी आधी मी त्या खिडकीवर गेले. चश्मेवाला नव्हता. दुसऱ्या बाईंना कागद दाखवला, गोल दाखवला. त्यांनी कागद जवळ घेतला, मुंगीएवढ्या दोनवर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "आ, वी. पेरियोद स्कोलेर." आणि खांदे उडवले. जणू मी त्यांना काहीतरी नवीन सांगायला आले होते आणि त्यांना ते आधीच माहीत होतं. सॉरी वगैरे काही नाही. मी तक्रारीची वही मागणार होते, पण शाँबोरच्या राजवाड्याला जायला ब्ल्वा शहराची गाडी सुटत होती.

म्हणून हे लिहून ठेवा. फ्रेंच बसच्या वेळापत्रकात आकडा वाचायच्या आधी आकड्याच्या डोक्यावरचा आकडा वाचा. 'दिमांश ए फेत' म्हणजे रविवार आणि सण. 'सोफ सामदी' म्हणजे शनिवार सोडून. मेमध्ये जाणार असाल तर त्या वर्षीचं फ्रेंच शाळांचं कॅलेंडर बघा, हसू नका, खरंच बघा. आणि रेल्वेच्या वेळापत्रकात एखाद्या गाडीपुढे 'कार' लिहिलेलं दिसलं तर ती रेल्वे नव्हे, रस्त्याने जाणारी बस असते. फ्रेंचमध्ये 'कार' म्हणजे लांब पल्ल्याची बस. कार न घेता फिरणाऱ्यांची ही थट्टाच आहे.

गुडघ्यांचं कोणाला काही असेल तर अझे-ल-रिदोला रेल्वेने जाता येतं, पण स्टेशनापासून दोनेक किलोमीटर चाल आहे. त्यापेक्षा लाँझे बरं, राजवाडा गावात, स्टेशनापासून काही मिनिटांवर, आणि त्याला चांगले बुरूज आहेत. 'किल्ला' म्हणून कोणाला आणलं असेल तर पहिल्या दिवशी तिथेच न्या. मला हे उशिरा कळलं.

शाँबोरला जायला तूरहून रेल्वेने ब्ल्वा आणि तिथून स्टेशनासमोरून बस. ही राजवाड्यांची बस वर्षभर नसते, हंगामात असते, वार बघून घ्या. आमच्या शनिवारी होती. मी तळटिपा तीनदा वाचल्या. शाँबोर एवढा मोठा आहे की बसमधून दिसल्यावर आई गप्प झाली. चारशेहून जास्त खोल्या. राजा पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ मध्ये काम सुरू केलं आणि स्वतः तिथे आयुष्यात मोजके आठवडेच राहिला. भोवती बत्तीस किलोमीटरची भिंत आहे. "ही बघ तुझी तटबंदी," मी म्हटलं. आईने माहितीफलकाचं भाषांतर फोनवर वाचलं आणि म्हणाली, "ही शिकारीची जनावरं पळू नयेत म्हणून आहे."

मधोमध दोन सर्पिल जिने एकमेकांत गुंफलेत, एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा एकमेकांना भेटत नाहीत, फक्त खिडक्यांतून दिसतात. आई एका जिन्याने चढली, मी दुसऱ्याने. एका खिडकीतून तिने हात केला, पुढच्या खिडकीत ती दिसली नाही. वर पोचले तर गच्चीवर नाही. खाली आले तर दालनात नाही. मी सगळा मजला पालथा घातला, पहारेकऱ्याला विचारलं, पोटात गोळा आला.

ती बाहेर होती, बसथांब्यावर, परतीच्या बसला चाळीस मिनिटं असताना. चश्मा कपाळावर सरकवून, प्लास्टिकखालच्या कागदाला नाक लावून, तळटिपा वाचत.

"हिच्या डोक्यावर आकडा नाही," ती म्हणाली. "पण तरी थांबू."