चालणे झाले, पायांतल्या ताकदीचे काय?

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी येणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींत साखरेचे आकडे शेअर बाजाराच्या भावांसारखे सांगितले जातात. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. मात्र हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, हे कोणी कोणाला विचारत नाही. मधुमेहासह म्हातारपण काढायचे असेल, तर मला हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि काम करणारा स्नायू तर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत घेऊ शकतो. व्यायामाचा हा लाभ साधारण एक-दोन दिवस टिकत असल्यामुळे सलग दोन दिवसांहून अधिक खाडा पडू देऊ नये, असे सांगितले जाते. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि मधुमेहात ही झीज अधिक वेगाने होते. त्यातून आपण भारतीय मुळातच स्नायूंच्या बाबतीत गरीब. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून हे दाखवून दिले होते: उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण शरीरातील चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा ‘मी तर सडपातळ आहे’ या समाधानात फारसा अर्थ नाही.

आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या जोडीला दोन-तीन दिवस ताकदीचे आणि दोन-तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम ज्येष्ठांनी करावेत, ही शिफारस मात्र टेकडीपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. त्यासाठी व्यायामशाळेत नाव घालावे लागते असेही नाही. खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, एवढ्यावर आरंभ करता येतो. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारावे. पावसाळ्यात टेकडीची वाट निसरडी होते, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली घालावी, कारण जेवणानंतर चढणारी साखर त्याने नेमकी आटोक्यात राहते.

उपाशीपोटी टेकडी चढून मग चहा घ्यायचा, ही पुणेरी रीत सर्वांनाच मानवेल असे नाही. मधुमेहासाठी केवळ मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामाने धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव कमी असतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचे तसे नाही. अशांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी, ती ९० च्या खाली असल्यास काही खाऊन निघावे आणि खिशात ग्लुकोज पावडर ठेवावी. वाटेत ती ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बिस्किटाचा परिणाम उशिरा होतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर साखर उतरल्याची थरथर आणि धडधड जाणवतेच असे नाही, आणि मग अचानक फुटलेला घाम हीच काय ती खूण उरते. भरपूर श्रमानंतर साखर कित्येक तासांनी, अगदी रात्री झोपेतही, उतरू शकते.

पायांची संवेदना कमी झालेल्यांनी घरी परतल्यावर तळवे न्याहाळावेत आणि अनवाणी चालू नये. डोळ्यांच्या पडद्याचा विकार पुढे गेला असेल, तर श्वास रोखून वजन उचलणे किंवा डोके खाली जाणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाच्या मोठ्या चाचणीत पाच हजारांहून अधिक मधुमेहींना आहार-व्यायामाचा कडक कार्यक्रम किंवा नुसते मार्गदर्शन, असे दोन गटांत विभागले होते. हृदयविकार टळतील ही अपेक्षा पुरी झाली नाही आणि २०१२ मध्ये तो कार्यक्रम थांबवण्यात आला. काही जण याला अपयश म्हणतात. मला ते मान्य नाही. व्यायाम करणाऱ्या गटात चालण्याफिरण्याची क्षमता अधिक टिकली आणि नैराश्याची लक्षणे कमी आढळली. पंचाहत्तरीच्या माणसाला दुसऱ्याच्या हाताशिवाय पर्वतीच्या पायऱ्या उतरता येणे, हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात छापून येत नाही, एवढेच.